छोट्या लेथची मोटार : वेग आणि बळ

लेथ हे सर्व यंत्रांची जननी मानले जाते. ज्या यंत्राच्या साहाय्याने दुसरी यंत्रे घडविता येतात व स्वतःचे सुटे भागही करता येतात, असे हे एक अपूर्व साधन आहे. जबलपूर शहराला त्याची ओळख नव्याने करून द्यावयास नको. येथे १९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना उभा राहिला, १९४२ मध्ये खमरियाचा दारूगोळा कारखाना निघाला आणि १९६९ मध्ये लष्करी वाहनांचा कारखाना सुरू झाला. १९४७ मध्ये येथेच शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय स्थापन झाले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हे शहर नागपूरसह एकाच राज्यात होते व येथील मराठी वस्तीही जुनी आहे. अशा शहरात दीक्षितपुऱ्यासारख्या जुन्या, दाट वस्तीच्या भागातील एखाद्या गृहस्थाने घराच्या मागील खोलीत हौसेखातर लहानसा लेथ बसविण्याचे ठरविले, तर त्यात नवल नाही.

असा गृहस्थ बाजारात गेला की त्याचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : "मोटार किती अश्वशक्तीची घ्यावी, आणि तिचा वेग कमीजास्त करण्यास कोणते रेग्युलेटर लावावे?" प्रश्न स्वाभाविक आहे, पण तो उलट्या टोकाने विचारलेला आहे. लेथवर कोणते काम करावयाचे, त्या कामास सर्वांत कमी वेग किती लागेल, आणि त्या वेगाला हत्याराच्या टोकाशी किती जोर हवा, हे तीन प्रश्न आधी सोडवावे लागतात. ते सुटले म्हणजे मोटारीची निवड जवळजवळ आपोआप होते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, वेग उतरविण्याचे मुख्य काम पट्टा, कप्पी व दंतचक्रे यांच्याकडेच राहू द्यावे. विद्युत् नियंत्रकाकडे केवळ सूक्ष्म फेरफाराचे काम सोपवावे. ही वाटणी उलटी केली म्हणजे पैसा जातो, मोटार जळते, आणि प्रसंगी माणसालाही इजा होते.

वेग किती हवा?

धातू कापताना महत्त्व असते ते हत्याराखालून धातूचा पृष्ठभाग किती वेगाने सरकतो याला. त्याला कर्तनवेग म्हणतात. हायस्पीड पोलादाच्या हत्याराने मऊ पोलाद कापावयाचे असेल तर तो मिनिटास सुमारे २५ मीटर ठेवतात. पितळ याच्या दुपटीहून अधिक वेग सहन करते. बिडाला काहीसा कमी वेग लागतो. कर्तनवेग तोच राहिला तरी वस्तूचा व्यास बदलताच फेऱ्यांची संख्या बदलते. मीटरमधील कर्तनवेगाला हजाराने गुणावे व वस्तूच्या मिलिमीटरमधील परिघाने भागावे, म्हणजे मिनिटास लागणारे फेरे निघतात.

या हिशेबाने १० मिलिमीटर व्यासाच्या पोलादी कांबीस मिनिटास सुमारे ८०० फेरे लागतात, तर १०० मिलिमीटर व्यासाच्या पोलादी चकतीस केवळ ८०. पितळेची ६ मिलिमीटरची बारीक सळई मिनिटास ६० मीटर वेगाने कापावयाची तर ३,००० हून अधिक फेरे हवेत. म्हणजे एकाच लहान लेथवर, एकाच दिवशी, चाळीस पटींचा फरक पडू शकतो. ही रुंद कक्षा ध्यानात घेतली की केवळ एक बटण फिरवून सर्व काही साधेल, ही कल्पना किती भाबडी आहे ते दिसून येते.

अश्वशक्तीचा भ्रम

मोटारीच्या नामपट्टीवर अश्वशक्ती ठळकपणे लिहिलेली असते. म्हणून ग्राहक तिच्याकडेच पाहतो. वास्तविक लहान लेथला अश्वशक्ती फारशी लागत नाही. एक उदाहरण घेऊ. हत्याराने पोलादाचा १ मिलिमीटर खोल काप घ्यावयाचा आहे व प्रत्येक फेऱ्यास ते ०.१ मिलिमीटर पुढे सरकते आहे. हौशी कामाच्या मानाने हा काप चांगला भरीव आहे. अशा वेळी हत्यारावर सुमारे २५० न्यूटन, म्हणजे पंचवीस किलोग्रॅम वजनाएवढा जोर पडतो. कर्तनवेग मिनिटास २५ मीटर धरल्यास खर्च होणारी शक्ती भरते सुमारे १०० वॉट. अर्धी अश्वशक्ती म्हणजे ३७३ वॉट. तेव्हा अर्ध्या अश्वशक्तीची मोटार या कामास पुरून उरावी.

पण येथेच फसगत होते. शक्ती पुरेशी असली तरी अक्षाला फिरविणारा जोर, ज्यास शास्त्रात परिबल म्हणतात, तो पुरेसा आहे किंवा नाही हे वेगळे पाहावे लागते. वरील २५० न्यूटनचा विरोध १०० मिलिमीटर व्यासाच्या चकतीवर, म्हणजे अक्षापासून ५० मिलिमीटर अंतरावर होत असेल, तर अक्षावर १२.५ न्यूटन-मीटर परिबल लागते. मिनिटास १,४४० फेरे घेणारी अर्ध्या अश्वशक्तीची मोटार स्वतःच्या अक्षावर देते ते केवळ २.५ न्यूटन-मीटरच्या आसपास. हीच मोटार लेथच्या अक्षाला जशीच्या तशी जोडली, आणि विद्युत् नियंत्रकाने तिचा वेग १,४४० वरून ८० वर आणला, तर वेग उतरेल. पण परिबल अडीच न्यूटन-मीटरच राहील. हत्यार धातूला टेकताच लेथ थांबेल. मोटारीला तापावेपर्यंत विद्युत् प्रवाह मिळत राहील आणि काम मात्र तसूभरही पुढे सरकणार नाही.

याउलट मोटार व लेथ यांच्यामध्ये कप्प्यांच्या योगाने सहास एक असे प्रमाण ठेवले, तर वेग सहा पटींनी उतरतो आणि परिबल जवळजवळ सहा पटींनी चढते. पट्ट्यातील थोडी तूट वजा जाता ते साडेतेरा-चौदा न्यूटन-मीटर होते व काप निर्वेध चालतो. मदनमहालची टेकडी सायकलीने चढणाऱ्यास हे तत्त्व सांगावे लागत नाही. तो पायांचा वेग कमी करून चढ चढू पाहत नाही. सायकलीचा गिअर बदलतो. पाय पूर्वीच्याच लयीत फिरतात आणि चाकाला अधिक जोर मिळतो. पट्टा व कप्पी लेथच्या बाबतीत नेमके हेच करतात.

जुन्या कारागिरांची शिकवण

हे ज्ञान विजेच्या आधीचे आहे. कमानीच्या दोरीने लाकूड मागेपुढे फिरवून त्यावर लाखेचे रंग चढविणारा भारतीय कातारी दोरीचे वेढे ज्या दांड्यावर घेई, त्याच्या जाडीवरच त्याचा वेग अवलंबून असे. इंग्लंडमध्ये हेन्‍री मॉडस्ली याने १८०० च्या सुमारास आटे पाडणारा अचूक लेथ सिद्ध केला, त्याही काळी वेग बदलावयाचा तो चाकांच्या व्यासांतूनच. पुढे वाफेच्या कारखान्यांत छताखालून एक लांब दंड फिरत असे आणि प्रत्येक लेथ पायरीपायरीच्या कप्पीवरील पट्ट्याने त्याला जोडलेला असे. विजेची मोटार आल्यावर तो दंड गेला. पायऱ्यांची कप्पी मात्र टिकली, कारण तिची गरज संपलेली नव्हती.

आपल्या देशात लेथ व मोटार या दोहोंच्या निर्मितीशी एका मराठी उद्योगसमूहाचे नाव जोडलेले आहे. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली, १९४१ मध्ये हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर ही यंत्रहत्यारे बनविणारी कंपनी निघाली आणि १९४६ मध्ये बंगलोरला किर्लोस्कर इलेक्ट्रिक. यंत्र आणि त्याला फिरविणारी मोटार या दोन वेगळ्या विद्या आहेत व त्यांचा मेळ घालणे ही तिसरी, हे त्या इतिहासातून ध्यानात येते. हौशी माणसाला स्वतः शिकावयाची असते ती ही तिसरी विद्या.

कोणती मोटार?

घरगुती पुरवठा एककला, २३० व्होल्ट, सेकंदास ५० आवर्तनांचा असतो. त्यावर सरळ चालणारी कपॅसिटरची प्रवर्तन मोटार ही सर्वांत साधी. ती कमी आवाज करते, तिला ब्रश नसतात, दुरुस्ती कोठेही होते. चार ध्रुवांची घेतल्यास भाराखाली तिचे मिनिटास १,४२० ते १,४४० फेरे होतात. हा वेग पुरवठ्याच्या आवर्तनसंख्येवर ठरलेला असतो. तो बदलण्याचा साधा मार्ग नाही. म्हणूनच तिला पंख्याचे किंवा दिव्याचे रेग्युलेटर जोडण्याचा मोह अनेकांस होतो. तो सर्वस्वी टाळावा. पंख्याचा वेग उतरला की हवेचा विरोधही झपाट्याने उतरतो, म्हणून दाब कमी केला तरी पंखा चालतो. लेथवरील धातूचा विरोध वेग उतरल्याने कमी होत नाही. शिवाय अशा अनेक मोटारींत सुरुवातीची वेटोळी तोडणारी, वेगावर चालणारी कळ असते. वेग फार उतरला की ती कळ पुन्हा जुळते, क्षणभरासाठी बनविलेली वेटोळी सतत प्रवाह वाहू लागतात आणि जळतात.

मिक्सर किंवा हातड्रिलमधील ब्रशची मोटार आकाराने लहान व जोरकस दिसते. पण ती अतिशय वेगाने फिरते, भार पडताच तिचा वेग कोसळतो, आणि तिचा आवाज एका भिंतीआड राहणाऱ्या शेजाऱ्यांच्या सहनशक्तीची परीक्षा पाहतो. लेथसाठी ती योग्य नव्हे.

व्यायामाच्या चालपट्टीतून काढलेली एकदिश प्रवाहाची मोटार हौशी मंडळींत बरीच लोकप्रिय आहे. कमी वेगालाही तिचे परिबल चांगले टिकते, हा तिचा खरा गुण. परंतु तिच्यावर लिहिलेली अश्वशक्ती पुष्कळदा क्षणिक कमाल शक्ती असते व तीही मिनिटास चार-पाच हजार फेऱ्यांना मोजलेली. लेथच्या वेगाला तिच्यातून त्याचा अल्प अंशच मिळतो. तिची बांधणी बहुधा उघडी असल्याने धातूचा कीस आत शिरतो. याहून गंभीर गोष्ट म्हणजे तिच्या नियंत्रकाचा घरच्या विजेशी अनेकदा थेट संबंध असतो. वेग बदलण्याच्या बटणाच्या तारांतही प्राणघातक दाब असू शकतो. विजेचे काम जाणणाऱ्यानेच तिच्या वाटेस जावे.

राहिली त्रिकला प्रवर्तन मोटार. तिला घरच्या एककला विजेवर चालविणारे वारंवारता नियंत्रक, ज्यास बाजारात व्हीएफडी म्हणतात, ते पूर्वी कारखान्यांपुरतेच होते. आता ते हौशी माणसाच्या आवाक्यात आले आहेत. हे उपकरण पुरवठ्याची आवर्तनसंख्या व दाब एकाच प्रमाणात बदलते. त्यामुळे वेग उतरला तरी परिबल बरेचसे टिकते. मोटार हळूहळू सुरू होत असल्याने आरंभीचा प्रवाहाचा झटका बसत नाही व जुन्या घरातील दिवे मंदावत नाहीत. मात्र नामपट्टी वाचल्याखेरीज मोटार विकत घेऊ नये. एककला नियंत्रकातून २३० व्होल्टच निघतात. ४१५ व्होल्टसाठी तारा-जोडणीत आतच बांधलेली मोटार त्यावर चालविली तर तिचे कमाल परिबल जवळजवळ तिसऱ्या हिश्शावर येते. जोडणी बदलून २३० व्होल्टवर चालणारी, पूर्ण बंद बांधणीची मोटार घ्यावी.

पट्टा बळासाठी, नियंत्रक सूक्ष्मतेसाठी

नियंत्रकाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. पट्टा बदलावयाचा म्हणजे यंत्र थांबवा, झाकण उघडा, हात काळे करा. त्यापेक्षा बटण फिरविणे सुखाचे. शिवाय चकतीचे तोंड सपाट करताना हत्यार कडेकडून मध्याकडे जाते, व्यास घटत जातो, आणि कर्तनवेग शून्याकडे झुकतो. अशा वेळी फेरे हळूहळू वाढविता आले तर पृष्ठभाग एकसारखा निघतो. काम थरथरू लागले तर वेग किंचित कमी केल्याने थरथर पुष्कळदा थांबते. हे सर्व लाभ खरे आहेत. परंतु हे सर्व लाभ थोड्या फेरफाराचे आहेत, अठरा पटींनी वेग उतरविण्याचे नव्हेत.

शिवाय मोटारीला थंड ठेवणारा पंखा तिच्याच अक्षावर असतो. आवर्तने दहाच्या खाली आणून ती तासभर भाराखाली चालविली तर परिबल टिकेलही, पण वारा मिळत नाही व वेटोळी तापतात. उलट दिशेनेही मर्यादा आहे. पन्नास आवर्तनांच्या वर दाब आणखी वाढू शकत नाही, म्हणून परिबल घटत जाते. तेव्हा सुमारे १७ ते ७५ आवर्तनांची मर्यादा पाळणे शहाणपणाचे ठरते.

आता हिशेब जुळवून पाहावा. मोटारीवर ६० मिलिमीटरची कप्पी व मधल्या दंडावर १५० मिलिमीटरची कप्पी बसविली, तर दंडाला ५७६ फेरे मिळतात. तेथून लेथच्या अक्षाकडे तीन पायऱ्यांची कप्पी अशी ठेवावी की वेग २.४ पटींनी उतरेल, तसाच राहील किंवा २.४ पटींनी चढेल. यातून २४०, ५७६ व १,३८२ असे तीन वेग निघतात. नियंत्रकाची १७ ते ७५ आवर्तनांची मर्यादा त्यावर चढविली की ८० पासून २,००० हून अधिक फेऱ्यांपर्यंत अखंड कक्षा हाती येते. बारीक पितळेला त्याहून अधिक वेग चालला असता. पण दोन हजार फेऱ्यांनी काम अडत नाही, थोडे सावकाश होते इतकेच. अनेक लहान लेथांच्या धारव्यांना आणि बिडाच्या चकांना याहून अधिक वेग झेपतही नाही.

नियंत्रक मुळीच घेतला नाही तरी बिघडत नाही. लेथला सहास एक प्रमाणाची मागील दंतचक्रे, म्हणजे बॅकगिअर, असतील तर याच कप्प्यांतून ४०, ९६, २४०, ५७६ व १,३८२ अशी पाच वेगांची शिडी मिळते. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या २.४ पट आहे, म्हणून इष्ट वेगापासून सर्वांत जवळची पायरी फार तर दीडपट दूर असते. हौशी कामास एवढी अचूकता पुरते. पिढ्यान्‌पिढ्या कारागिरांनी असल्याच शिडीवर उत्तम काम केले आहे.

हात आणि डोळे

मोटार निवडताना सुरक्षिततेचा विचार शेवटी करण्याची चाल आहे. तो आधी झाला पाहिजे. पहिली गोष्ट म्हणजे वीज गेली व पुन्हा आली, तर लेथ आपोआप सुरू होता कामा नये. मधल्या काळात कोणीतरी चकमधील वस्तू मोजत असेल. यासाठी साध्या मोटारीला वीज जाताच स्वतः सुटणारा स्टार्टर हवा, आणि नियंत्रकाची आपोआप सुरू होण्याची सोय बंद करून ठेवावी. लाल रंगाचे थांबविण्याचे मोठे बटण फिरत्या चकवरून हात न नेता गाठता यावे.

दुसरी गोष्ट विशेषतः लहान लेथांची आहे. पुष्कळ लहान लेथांचा चक अक्षावरील आट्यांवर नुसता फिरवून बसविलेला असतो. नियंत्रकाने यंत्र एकदम थांबविले किंवा उलटे फिरविले, तर अक्ष थांबतो पण जड चक आपल्या गतीने फिरत राहतो, आट्यांवरून सुटतो व उडतो. अशा लेथवर नियंत्रकाची थांबण्याची मुदत काही सेकंदांची ठेवावी व उलट फिरविण्याची सोय कुलूपबंद करावी. बटणाची सोय येथे धोक्यात रूपांतरित होते, हे पुस्तिकांत क्वचितच लिहिलेले आढळते.

तिसरी गोष्ट जोडणीची. लेथच्या सांगाड्याला, मोटारीला व नियंत्रकाला पक्की भूजोडणी असावी. नियंत्रक व मोटार यांच्यामध्ये वेगळी कळ बसवू नये. नियंत्रक कीस उडणार नाही अशा जागी, बंद पेटीत ठेवावा; बिडाची धूळ विजेची वाहक आहे. वीज बंद केल्यावरही त्याच्या आतील कपॅसिटरमध्ये काही मिनिटे भार राहतो, तेवढा वेळ थांबल्यावाचून पेटी उघडू नये. बाकी नियम जुनेच आहेत : डोळ्यांवर चष्मा, हातांत मोजे नाहीत, सैल बाही, ओढणी किंवा गळ्यातील साखळी नाही, आणि चकची किल्ली चकमध्ये क्षणभरही सोडावयाची नाही. पट्ट्यावर झाकण नसेल तर मोटार सुरू करू नये.

निवडीचा क्रम

मधल्या उंचीचा, म्हणजे अक्ष पाट्यापासून सुमारे ९० मिलिमीटर वर असलेला लेथ असेल, तर अर्ध्या अश्वशक्तीची, चार ध्रुवांची मोटार पुरेशी आहे. एकाहून अधिक अश्वशक्ती लावल्याने असा लेथ बलवान होत नाही. पट्टा घसरण्याऐवजी हत्यार मोडते एवढेच. ज्याच्याजवळ पैसा बेताचा आहे त्याने कपॅसिटरची मोटार, मधला दंड व पायऱ्यांच्या कप्प्या घ्याव्यात. त्यात कमीपणा काही नाही. ज्याला थोडा अधिक खर्च झेपतो त्याने त्रिकला मोटार व वारंवारता नियंत्रक घ्यावा, पण कप्प्या काढून टाकू नयेत. शाळेच्या कार्यशाळेसाठी पहिलाच मार्ग अधिक चांगला, कारण तेथे यंत्रापेक्षा विद्यार्थ्याचे घडणे महत्त्वाचे आहे. पट्टा एका पायरीवरून दुसरीवर सरकविताना वेग उतरतो व जोर वाढतो, हे त्याच्या हाताला कळते. बंद पेटीवरच्या बटणाकडून त्याला केवळ वेग बदलल्याचे कळते, त्यामागचे कारण कळत नाही.

विज्ञान घरात येते ते पुष्कळदा तयार उपकरणाच्या रूपाने, आणि उपकरणाबरोबर विचार करण्याची गरज संपली असा समज येतो. लहानसा लेथ हा समज खोडून काढतो. कागदावर व्यास, फेरे आणि परिबल यांचा पाच ओळींचा हिशेब मांडून मग बाजाराची वाट धरणारा माणूस कमी पैशांत अधिक काम करून घेतो आणि आपली दहा बोटे शाबूत ठेवतो.